स्टंटसाठी रस्त्यावरची मोटरसायकल : आधी काय बदलावे, आणि खाऱ्या हवेत ती टिकवावी कशी?

खाडीपलीकडचा

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीजवळ राहतो. रोजच्या वापरासाठी घरात स्कूटर आहे. तिच्या जोडीला नुकतीच एक जुनी पल्सर २०० एनएस घेतली आहे, ती केवळ स्टंटच्या सरावासाठी. सुरुवातीच्या काळातले मॉडेल असल्यामुळे तिला कार्ब्युरेटर आहे आणि एबीएस नाही. इंजिन सुस्थितीत आहे, मागे डिस्क ब्रेक आहे, सायलेन्सर इंजिनाच्या पोटाखाली आहे. सराव रस्त्यावर करणार नाही. एका परिचितांच्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याचे सिमेंटचे आवार वापरण्याची परवानगी मिळाली आहे. मात्र ते बंदराला इतके लागून आहे की भरतीच्या वेळी वारा सुटला म्हणजे ओठांवर मीठ लागते.

क्रॅश केज (पडल्यावर इंजिन वाचवणारा पाइपांचा पिंजरा), मागचे मोठे स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चक्र), मागच्या चाकासाठी डाव्या हाताचा ब्रेक आणि शेपटीखालचा बारा-ओक्लॉक बार (गाडी उभी झाली की जमिनीला टेकून तिला उलटू न देणारा दांडा) असे चार खर्च समोर दिसतात, आणि ते एकदम करण्याइतके पैसे नाहीत. व्हिडिओंमध्ये बहुतेक जण स्प्रॉकेटपासून सुरुवात करतात. आपण कोणत्या क्रमाने केले असते, आणि या हवेत गाडीची निगा कशी राखली असती?

घाटचढ

सर्वांत आधी आईची परवानगी घ्यावी. बाकीचे सगळे सुटे भाग बाजारात मिळतात.

नव्वद_नंबर

मागचा ब्रेक. त्यानंतर काही नाही, मग पुन्हा मागचा ब्रेक, आणि त्याच्यापुढे वाटल्यास केज.

कारण सांगतो. व्हीलीमध्ये, म्हणजे गाडी केवळ मागच्या चाकावर चालवताना, पुढचे चाक खाली आणण्याचे काम थ्रॉटल कमी करून होते अशी नवख्याची समजूत असते. प्रत्यक्षात गाडी समतोल-बिंदूच्या पलीकडे गेली की थ्रॉटल सोडून काहीही होत नाही. तिला परत पुढे आणते ते मागच्या ब्रेकवरचे बोट किंवा पाय. म्हणून हा ब्रेक केवळ जोरदार असून भागत नाही, तो हळूहळू चढणारा आणि दर वेळी त्याच जागी पकडणारा असावा लागतो. जुन्या गाडीत मागच्या कॅलिपरचे (डिस्कला चिमट्यासारखे पकडणाऱ्या भागाचे) पिस्टन बहुधा अर्धवट अडकलेले असतात, कारण रोजच्या वापरात त्याकडे कोणी पाहत नाही. कॅलिपर उघडून पिस्टनचे सील बदला, सरकत्या पिना साफ करून त्यांना सिलिकॉन ग्रीस लावा, नवे पॅड घाला आणि तेल पूर्ण बदला. एवढ्याने गाडी निम्मी तयार होते, आणि खर्चही फारसा नाही.

तेलाबद्दल आणखी एक गोष्ट. डॉट ४ ब्रेक फ्लुइड हवेतले पाणी शोषते. कोरडे असताना त्याचा उत्कलनबिंदू मानकाप्रमाणे किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी शोषल्यानंतरच्या चाचणीत मात्र १५५ अंशही चालतात. स्टंटमध्ये मागची डिस्क सतत तापते, आणि आपल्याकडचा पावसाळा चार महिने त्या तेलात दमट हवा ओतत असतो. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, लीव्हर शेवटपर्यंत जातो आणि ब्रेक लागत नाही. तो क्षण चाक हवेत असताना यावा अशी कोणाचीच इच्छा नसणार. म्हणून पावसाळा संपला की तेल बदलावे, मग ते काळे पडलेले दिसो वा न दिसो.

दुय्यम_गिअर

मी आदरपूर्वक असहमत आहे. ब्रेक दुरुस्त हवाच, पण ती दुरुस्ती झाली, बदल नव्हे. पहिला बदल स्प्रॉकेटचाच असावा.

माझ्याकडे ड्यूक ३९० आहे. मूळ गाडीला पुढे १५ आणि मागे ४५ दाते असतात, म्हणजे गुणोत्तर ३. मी पुढे १४ आणि मागे ६० केले, गुणोत्तर ४.२९ झाले. इंजिनाचे फेरे तेवढेच असताना गाडीचा वेग पूर्वीच्या सुमारे ७० टक्क्यांवर आला. याचा अर्थ असा, की जो समतोल पूर्वी धावत्या वेगात शोधावा लागत होता तो आता त्याहून बऱ्याच सावकाश वेगात सापडतो, आणि पडलोच तर सावकाश पडतो. एनएसचे इंजिन वरच्या फेऱ्यांमध्ये रंगात येणारे आहे, खालच्या टॉर्कसाठी प्रसिद्ध नाही. त्यामुळे तिला तर हा बदल अधिक आवश्यक आहे. नाहीतर दर वेळी क्लच सोडून चाक उचलावे लागेल आणि क्लचप्लेटी जळतील.

फक्त स्प्रॉकेट वाढवले की साखळीच्या कड्या वाढवाव्या लागतात, हे लक्षात ठेवावे. साखळी, पुढचे आणि मागचे स्प्रॉकेट तिन्ही एकदम नवे घ्या. जुन्या साखळीला नवे दाते जोडले की ते दाते लवकर झिजतात. साखळी स्विंगआर्मच्या रबरी पट्टीला किंवा चेनगार्डला घासत नाही ना, हेही पाहा.

नव्वद_नंबर

गियरभाऊ, आपले गणित बरोबर आहे, पण प्रश्न क्रमाचा आहे. मोठ्या स्प्रॉकेटने चाक सहज उचलते. सहज उचलणारे चाक आणि न लागणारा ब्रेक ही जोडी मला मान्य नाही. ज्याला चाक उचलायला त्रास होतो तो निदान उताणा पडत नाही.

दुय्यम_गिअर

हे मान्य. तर मग ब्रेकची दुरुस्ती आणि स्प्रॉकेट एकाच खेपेत करावे, एवढ्यावर तडजोड करू. एक मात्र सांगतो, ताकदीच्या मागे लागू नये. जर्मनीचे दिवंगत स्टंटपटू क्रिस फायफर बीएमडब्ल्यू एफ ८०० आर या रस्त्यावरच्याच गाडीवर जे करीत, त्याचा पाया त्यांच्या ट्रायल रायडिंगमध्ये, म्हणजे पाय न टेकता अडथळ्यांवरून सावकाश गाडी नेण्याच्या खेळात होता. आणि ट्रायलमध्ये वेगाला काडीचीही किंमत नसते.

ट्रॉलरवाला

मी बंदरात बोटींच्या वेल्डिंगचे काम करतो, स्टंट करीत नाही. पण मुले केज बनवून घ्यायला आमच्याकडे येतात, म्हणून लिहितो.

पहिले म्हणजे स्टेनलेसचा आग्रह धरू नका. जिन्याच्या कठड्यासाठी येणारा स्टेनलेस पाइप चकचकीत दिसतो, पण त्याची जाडी कमी असते, आणि आपटल्यावर तो वेल्डशेजारी तडकतो. साध्या पोलादाचा, दोन ते अडीच मिलिमीटर जाडीचा पाइप वाकतो, आणि वाकणे हेच केजचे काम आहे. केज इतका ताठ बनवला की स्वतः जराही वाकत नाही, तर पडल्याचा सगळा धक्का इंजिनाच्या माउंटिंगला आणि पुढे चासीला बसतो. पाइप शंभर रुपयांचा, इंजिनाचा कान हजारोंचा.

दुसरे, एनएसचा सायलेन्सर पोटाखाली असल्याने केजचा खालचा आडवा पाइप त्याच्याही खालून न्यावा लागतो, आणि तो गाडी उभी असताना मोजून चालत नाही. मागचा शॉक पूर्ण दाबलेल्या स्थितीत जमिनीपासून किती अंतर उरते ते पाहून मगच टाका मारावा. जे पाइप जमिनीला घासणार त्यांच्यावर नायलॉनचे जाड तुकडे बोल्टने बसवावेत. बंदरात नायलॉनचा गोल रॉड तुकड्यात मिळतो. झिजला की बदलता येतो.

तिसरे, गाडीवर बसलेल्या अवस्थेत वेल्डिंग करायचेच झाले तर बॅटरी सोडा, सीडीआयचा (ठिणगी नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याचा) जोड काढा आणि अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या जागेपासून वीतभर अंतरातच लावा. चिमटा मागच्या चाकाजवळ आणि वेल्डिंग पुढच्या नळीवर असे झाले, तर करंट मधल्या बेअरिंगांतून जातो. त्यानंतर ती बेअरिंगे खरखर करू लागतात आणि मालकाला कारण कळत नाही.

आंबोळी_आणि_एक्झॉस्ट

काका, पोलादाचा पाइप समुद्रावर गंजणार. बोटीला जस्ताच्या पट्ट्या लावता तशा मोटरसायकलला लावून देता का?

ट्रॉलरवाला

हसू नका, हे खरोखर विचारणारे भेटतात. बोटीच्या तळाला आणि पंख्याजवळ लावलेले जस्त स्वतः झिजून पोलाद वाचवते, पण ते दोन्ही एकाच खाऱ्या पाण्यात बुडालेले असतात म्हणून. हवेत उभ्या असलेल्या गाडीला बांधलेले जस्त म्हणजे गळ्यातला ताईत. केजला जस्तयुक्त प्रायमरचा हात मात्र जरूर द्या. रंगाला ओरखडा पडला तरी तिथे काही काळ गंज धरत नाही, कारण तिथे जस्त थेट पोलादाला चिकटलेले असते.

खरा त्रास निराळाच आहे. ॲल्युमिनियमच्या इंजिनात स्टेनलेसचे बोल्ट हौसेने बसवले जातात. दोन निराळे धातू आणि मधे खारा ओलावा असला की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. आट्यांत पांढरी पूड धरते आणि बोल्ट असा बसतो की काढताना मुंडी तुटते. बसवतानाच आट्यांना अँटिसीझ लावा. मात्र ते वंगण असल्याने त्याच टॉर्कला बोल्ट अधिक ताणला जातो, म्हणून पाना थोडा आवरता घ्यावा. जिथे थरथरीने बोल्ट सुटण्याची भीती आहे तिथे अँटिसीझ नव्हे, थ्रेडलॉक (आट्या धरून ठेवणारा डिंक). दोन्ही एकत्र लावणारे महाभागही पाहिले आहेत.

सावंतवाडीची_सई

इंजिनाबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून मी बोलते.

गाडी जवळजवळ उभी झाली की सम्पमधले (इंजिनाच्या तळाच्या टाकीतले) तेल मागच्या भिंतीकडे जाते, आणि पंपाची जाळी काही क्षण हवा ओढते. तेलाचा दाब पडला की पहिला फटका वरच्या बाजूला, कॅम आणि रॉकरला बसतो. म्हणून स्टंटवाले तेल वरच्या खुणेच्याही थोडे वर ठेवतात. त्याला मर्यादा आहे. जास्त झालेले तेल ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअरबॉक्समध्ये जाते, फिल्टर ओला होतो आणि गाडी धूर सोडू लागते. ब्रीदरची नळी एका छोट्या डब्यात सोडावी आणि तो डबा प्रत्येक सरावानंतर रिकामा करावा. नळीतून जमिनीवर तेल टपकू देणे सर्वांत वाईट, कारण ते नेमके मागच्या टायरखाली येते.

तेल बदलण्याचा काळ किलोमीटरवर ठरवू नका. दिवसभर एका आवारात घिरट्या घालणाऱ्या गाडीच्या मीटरवर काहीच चढत नाही, पण क्लच सतत घसरत ठेवल्यामुळे त्याच्या घर्षणद्रव्याची भुकटी त्याच तेलात मिसळत असते. तेल काढून बोटांवर चोळा आणि वास घ्या. जळका वास आला की बदला. तेल जासो एमए किंवा एमए२ या, मोटरसायकलच्या ओल्या क्लचसाठीच्या दर्जाचेच हवे. चारचाकीसाठीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, त्यांनी ओला क्लच घसरू लागतो.

आयडल, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिनाचे मिनिटाचे फेरे, नेहमीच्या हजार-दीड हजारांवरून दोन हजारांच्या वर न्यावे. थ्रॉटल बंद करताच इंजिन जे हिसका देऊन अडवते ते त्यामुळे सौम्य होते आणि समतोल टिकतो. मात्र गाडी उभ्या उभ्या तापते. रेडिएटरचा पंखा स्वतंत्र स्विचवर घ्या, आणि रेडिएटरच्या पातळ पापुद्र्यांत साचलेली जांभ्याची लाल धूळ आतल्या बाजूने पाणी मारून काढा. बाहेरून मारले तर ती आणखी घट्ट बसते.

घाटचढ

सईताई, तुम्ही हे सर्व करता तेव्हा शेजारी काय म्हणतात?

सावंतवाडीची_सई

मिक्सर दुरुस्तीला आणून देतात.

आठवा_मैल

आवार कशाला हवे? आपल्याकडे सडे, म्हणजे जांभ्याच्या कातळाची पठारे, किती मोकळे पडले आहेत! पावसानंतर गवत वाळले की सडा म्हणजे आयते मैदान. नाहीतर ओहोटीची ओली वाळू आहेच.

कातळखूण

दोन्ही सूचना कृपया मागे घ्याव्यात.

रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतल्या सड्यांवर कातळशिल्पे, म्हणजे कातळात कोरलेली प्राचीन चित्रे आहेत. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. पण मातीखाली आणि गवताखाली झाकलेली शिल्पे अजूनही सापडत असतात. कोकणातली ही शिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. जांभा मऊ असतो. त्यावर मागचे चाक फिरवत ठेवणे किंवा केज घासत नेणे म्हणजे हजारो वर्षांची रेषा पुसणे. शिवाय सड्याचा पृष्ठभाग खाचखळग्यांचा असतो. सिमेंटवर माणूस घसरत जातो, सड्यावर तो अडकून उलटतो.

वाळूचे म्हणाल तर वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. चाकांनी दाबलेल्या वाळूतली घरटी बाहेरून दिसत नाहीत.

नव्वद_नंबर

कासवांचा विचार बाजूला ठेवला तरी ओल्या वाळूवर फिरवलेल्या गाडीची चाकाची बेअरिंगे उघडून पाहावीत, मग पुन्हा कोणी जाणार नाही.

वकीलसाहेब_नव्हे

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल नोंदणीकृत वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सार्वजनिक रस्त्यावरच्या स्टंटला कलम १८४ चे धोकादायक वाहन चालवणे लागू होते, ते निराळेच. म्हणून केज आणि हातब्रेक लावलेली गाडी घरापासून आवारापर्यंत चालवत नेऊ नये, ‘छोटा हत्ती’ टेंपोमध्ये चढवून न्यावी. आवाराच्या मालकांची परवानगीही लेखी घ्यावी. तोंडी परवानगी अपघातानंतर कोणाला आठवत नाही.

आठवा_मैल

कातळशिल्पांचा मुद्दा पटला. सड्याची सूचना मागे घेतली, वाळूचीही.

दर्याकिनारी

मूळ प्रश्नातला दुसरा भाग मागे पडला आहे, तो निगेचा. मी मालवणला राहतो आणि माझी गाडी उघड्या पडवीत असते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सरावाहून आल्यावर गोड्या पाण्याने गाडी धुवावी, पण प्रेशर वॉशर नको. तो मीठ बेअरिंगच्या सीलपलीकडे ढकलतो. बादली आणि स्पंज पुरेसे आहेत. नंतर इंजिन काही मिनिटे चालू ठेवून जोडांतले पाणी वाळू द्यावे. वायरींच्या जोडांत हिरवी बुरशी दिसू लागली की तांबे खाल्ले जात आहे असे समजावे. जोड साफ करून त्यात डायइलेक्ट्रिक ग्रीस भरावे. पुढच्या फोर्कच्या नळ्या रोज पुसाव्यात. त्यांच्यावर मिठाने सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात, आणि स्टॉपीत, म्हणजे पुढच्या ब्रेकवर मागचे चाक उचलताना, फोर्क जेव्हा तळापर्यंत दबतो तेव्हा तेच खड्डे तेलाच्या सीलचे ओठ कापतात. सील पुन्हापुन्हा गळत असेल तर दोष सीलचा नसतो. नखाने नळी चाचपून पाहा.

साखळी रॉकेलने किंवा डिझेलने पुसावी, पेट्रोलने नव्हे. पेट्रोलने ओ-रिंग फुगतात. वंगण म्हणून नव्वद नंबरचे गिअर ऑइल लावून जादाचे पुसून टाकावे. ओल्या साखळीला वाळू चिकटली की तिची कानस होते.

आणि कोनसेट, म्हणजे स्टिअरिंगची बेअरिंग! व्हीली खाली आपटली की पुढच्या चाकाचा धक्का सरळ स्टिअरिंगच्या बेअरिंगवर येतो, तोही हँडल सरळ असताना, म्हणजे दर वेळी त्याच जागी. गोळ्यांचे ठसे वाटीत उमटतात. तपासण्यासाठी गाडीखाली ठोकळा देऊन पुढचे चाक अधांतरी ठेवा आणि हँडल दोन बोटांनी सावकाश एका बाजूकडून दुसरीकडे न्या. अगदी मध्यावर ते अडून किंचित टक् करत असेल तर कोनसेट गेला. तो आवळून उपयोग नाही, बदलावाच लागतो. त्याच वेळी स्टिअरिंगच्या नळीभोवतीच्या रंगाकडे टॉर्च मारून पाहा. रंगात केसासारखी रेघ दिसली तर आत चासीला चीर असण्याची शक्यता आहे आणि त्या दिवशी सराव नाही.

दुय्यम_गिअर

उत्तम प्रतिसाद. टायरच्या हवेबद्दल एवढेच जोडतो, की मागच्या टायरची हवा वीस पीएसआयच्या आसपास उतरवली की जमिनीवर बसणारा भाग रुंदावतो आणि डुलणे कमी होते. त्याहून खाली गेल्यास ट्यूबलेस टायरची कड रिमपासून सुटू शकते. पुढच्या टायरची हवा उतरवू नये, स्टॉपीचा सगळा भार त्याच्यावर असतो.

बंदरावरचा_पोरगा

दादा, किल स्विचची दोरी बंदरातच मिळेल. छोट्या होडीच्या आउटबोर्ड इंजिनाला लाल दोरी असते, ती मनगटाला बांधतात; माणूस पाण्यात पडला की इंजिन बंद. मी तीच मोटरसायकलला लावणार आहे.

सावंतवाडीची_सई

कल्पना चांगली आहे, पण जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने तपासा. आउटबोर्डचे बरेच स्विच दोरी निघाल्यावर सर्किट जोडणारे असतात, कारण तिथे मॅग्नेटो अर्थ करून इंजिन बंद करायचे असते. आपल्या गाडीचा किल स्विच नेमका उलटा आहे. त्याला दोरी निघाल्यावर सर्किट तोडणारा स्विच हवा. चुकीचा लावलात तर दोरी निघाल्यावर गाडी सुरू होईल आणि लावल्यावर बंद.

घाटचढ

चोरांपासून संरक्षण म्हणून हे वाईट नाही.

खाडीपलीकडचा

सर्वांचे आभार. आता असे ठरवले आहे. मागचा कॅलिपर उघडून सील, पॅड आणि तेल. त्याच खेपेत कोनसेटची तपासणी. मग केज, कारण मी पडणार हे निश्चित आहे. स्प्रॉकेटचा संच त्यानंतर. बारा-ओक्लॉक बार वर्षभर तरी नको, कारण तेवढी उंची गाठण्याचा माझा विचार नाही. राहिला हातब्रेक. त्याच डिस्कवर दुसरा कॅलिपर बसवून त्याचा मास्टर सिलेंडर (लीव्हर दाबल्यावर तेल ढकलणारा भाग) स्वतंत्र ठेवावा असे वाटते, म्हणजे एक बंद पडला तरी दुसरा चालेल. ब्रॅकेटचे चित्र काढून ट्रॉलरकाकांना पाठवले तर ते बनवून देतील का?

ट्रॉलरवाला

चित्र नको. स्विंगआर्म, चाक, स्पिंडल आणि दोन्ही कॅलिपर घेऊन या. ब्रॅकेट एक मिलिमीटर जरी तिरका झाला तर पॅड पाचरीसारखे झिजतात, आणि कागदावरून तो मिलिमीटर कळत नाही. डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते. आधी व्हर्नियरने मोजा. तिच्याजवळ आली असेल तर नवी डिस्क घेऊनच या, कारण जुनीवर बसवलेला कॅलिपर नवीवर पुन्हा सरकवून बसवावा लागेल. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा बोटी दुरुस्तीला ओढलेल्या असतात आणि आम्हाला डोके वर काढायला फुरसत नसते. नारळी पौर्णिमा झाली की या.